मुठीएवढा गोळा : रोडगा, आप्पे आणि चेंडूचा केक



आजचा विषय ऐकून एका आजोबांनी मला बाहेरच गाठलं. म्हणाले, "सायेब, केकवर भाषन द्याले वडनेरात आले काय?" मी म्हटलं, "बाबाजी, अर्धं केकवर आणि अर्धं रोडग्यावर." तेव्हा ते म्हणाले, "मंग बसतो." ते समोर बसलेले आहेत, तेव्हा चुकलो तर दुरुस्त करतील. (हशा)

विषयाची सुरुवात माझ्या घरातून झाली. माझ्या भाचीनं मुलाच्या वाढदिवसाला चेंडूच्या आकाराचा केक करायचं ठरवलं. हल्ली असं भांडं मिळतं. ॲल्युमिनियमच्या दोन वाट्या, म्हणजे गोळ्याचे दोन अर्धे. प्रत्येकात पीठ ओतायचं, भाजायचं, मग क्रीम लावून दोन्ही अर्धे जोडायचे. वर लाल रंग दिला, पांढरी शिवण काढली की झाला क्रिकेटचा चेंडू. तिनं सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. केक बाहेरून छान तांबूस झाला. कापला तेव्हा मधून पिठाचा लगदा बाहेर आला. पोरगं रडायला लागलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेली तिची आजेसासू म्हणाली, "रोडगा बी असाच कच्चा राह्यते. वरून जाळ जास्त झाला की."

केकचं भांडं आयुष्यात पहिल्यांदा बघणाऱ्या बाईनं एका वाक्यात निदान केलं. ते कसं केलं, हे शोधताना माझ्या हाती जे लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी शब्दापासून सुरू करू. केक म्हटलं की आपल्याला अंडी, मैदा, क्रीम आठवतं. पण इंग्रजीत हा शब्द उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतल्या 'काका' या शब्दावरून आला असं मानतात. त्या काळचा केक म्हणजे चुलीच्या कडेला भाजलेली, दोन्ही बाजूंनी उलटून कडक केलेली लहान गोल भाकरच. इंग्लंडात आल्फ्रेड राजाची एक दंतकथा आहे. राजा वेश पालटून एका गरीब बाईच्या घरी लपलेला असतो, ती त्याला चुलीवरचे केक सांभाळायला सांगते, तो विचारात गढतो आणि केक जळतात. चित्रकार त्या गोष्टीत काहीही रंगवोत, चुलीवर होते ते आपल्या पानग्याचे भाऊबंद.

आणि गंमत बघा, इंग्रज वऱ्हाडात आले तेव्हा त्यांनी आपल्या गोवरीलाही केकच म्हटलं. काउडंग केक! त्या हिशेबानं वऱ्हाडात केक आधी चुलीत गेला आणि मग ताटात आला. (हशा) पण हसण्यावारी नेऊ नका. आपली गोष्ट त्या गोवरीवरच उभी आहे.

आता रोडगा. इथं तो समजावून सांगायची गरज नाही, पण हे व्याख्यान बाहेरगावचे लोकही ऐकणार आहेत, म्हणून सांगतो. गहू जाडसर दळायचा. मोहन घालून घट्ट कणीक मळायची. काही घरांत लहान लहान पुऱ्या लाटून, मध्ये तेल लावून, एकीवर एक रचतात आणि एका मोठ्या पारीत बांधून त्यांचा गोळा करतात. गोवऱ्या रचून पेटवायच्या. धूर जाऊ द्यायचा, जाळ जाऊ द्यायचा. लाल आर उरला की त्यावर गोळे ठेवून फिरवत राहायचं. कातडी कडक झाली की गरम राखेत पुरून टाकायचे. मग काढायचे, फडक्यात घोळून राख झाडायची, मुठीत दाबून फोडायचे, वर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. खानदेशात गेलात की याची बहीण भेटते, बट्टी. तिथं गव्हात थोडा मका, ओवा, हळद घालतात आणि बऱ्याच घरी गोळे आधी वाफवून किंवा उकडून, मग कापून तळतात. ही कापायची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रोडगा किती जुना? लेखी पुरावे दोन सांगतो. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी 'भावप्रकाश' हा वैद्यकाचा ग्रंथ रचला. त्यात शिजवलेल्या अन्नाच्या प्रकरणात 'अंगारकर्कटी' नावाचा पदार्थ आहे. गव्हाचं पीठ जरा घट्ट मळावं, वड्यासारखे गोल करावेत आणि बिनधुराच्या विस्तवावर सावकाश भाजावेत. कृती एवढीच. पण त्यातले दोन शब्द फार मोलाचे आहेत. एक 'बिनधुराचा', दुसरा 'सावकाश'. आजेसासूबाईंनी जे सांगितलं तेच चारशे वर्षांपूर्वीच्या वैद्यानं लिहून ठेवलं होतं.

दुसरा पुरावा त्याच शतकातला, आपल्या भाषेतला. पैठणच्या एकनाथ महाराजांचं भारूड. सासरच्या एकेका माणसापासून सुटका व्हावी म्हणून एक सून भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलते. त्यातला अध्यात्माचा अर्थ वेगळा आहे, तो कीर्तनकार सांगतील. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे, की रोडगा म्हणजे काय हे नाथांना समोरच्या माणसांना सांगावं लागलं नाही. तो नवसाचा पदार्थ आहे हेही सांगावं लागलं नाही. आजही चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य असतो. ही परंपरा तुटलेली नाही.

नवसाचाच का? कारण वऱ्हाडात रोजचं अन्न ज्वारीची भाकर. गहू सणावाराचा. गव्हाचा एवढा मोठा गोळा, वर तूप, हे रोज परवडणारं नव्हतं. वर्षातून एकदा-दोनदा शेताच्या बांधावर किंवा देवळापाशी सगळ्यांनी मिळून करायचं ते जेवण.

इथं माझा मुख्य मुद्दा येतो, आणि त्यासाठी थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

गोळा हा आकार भाजणाऱ्याचा शत्रू आहे. आर्किमिडीज या ग्रीक पंडितानं गोळ्याचं माप शोधून काढलं, आणि त्याला त्या शोधाचा इतका अभिमान होता की आपल्या थडग्यावर गोळा आणि नळकांडं यांची आकृती कोरावी असं त्यानं सांगून ठेवलं होतं. गोळ्याचा गुण असा, की तेवढ्याच आकारमानात सगळ्यात कमी पृष्ठभाग गोळ्याला असतो. आता आपला नेहमीचा केकचा डबा घ्या. २० सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच. त्यात साधारण १,५७० मिलिलीटर माल बसतो आणि सगळ्या बाजू धरून पृष्ठभाग ९४२ चौरस सेंटिमीटर. तेवढ्याच मालाचा गोळा केला तर पृष्ठभाग उरतो जेमतेम ६५४. म्हणजे उष्णता आत शिरायला दारंच कमी.

त्याहून मोठी अडचण अंतराची. चपट्या केकमध्ये सगळ्यात आतला कण बाहेरून फक्त अडीच सेंटिमीटरवर असतो. गोळ्यात तो ७.२ सेंटिमीटरवर जातो. आणि उष्णतेचा नियम असा आहे की आत पोचायचं अंतर दुप्पट झालं तर वेळ ढोबळमानानं चौपट लागतो. म्हणून बाहेरचं करपतं आणि आतलं कच्चं राहतं.

मग भांडं बनवणाऱ्यांनी काय केलं? गोळ्याचे दोन अर्धे केले. अमेरिकेतल्या शिकागोत १९२९ साली सुरू झालेल्या विल्टन कंपनीचं चेंडूचं भांडं प्रसिद्ध आहे. त्याचा व्यास ६ इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर. अख्खा गोळा भाजायचा तर मधला कण साडेसात सेंटिमीटर आत. पण अर्धा गोळा भाजला तर सगळ्यात आतला कण कोणत्या ना कोणत्या बाजूनं पावणेचार सेंटिमीटरवर येतो. अंतर निम्मं, वेळ साधारण पाव.

आता जरा हाताची मूठ वळा. सगळ्यांनी वळा. रोडगा केवढा करतात?

(श्रोत्यांतून : मुठीएवढा!)

मुठीएवढा. मी चार-पाच घरी मोजला, साधारण सात सेंटिमीटर. म्हणजे मधला कण साडेतीन सेंटिमीटरवर. भांड्याचा अर्धा पावणेचार, मुठीतला रोडगा साडेतीन! शिकागोच्या कारखान्यात कागदावर जे माप निघालं, ते बांधावरच्या माणसाच्या मुठीत आधीपासून होतं. आणि खऱ्या क्रिकेटच्या चेंडूचा घेर नियमाप्रमाणे २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असतो, म्हणजे व्यास सव्वासातच्या आसपास. भाचीनं खऱ्या चेंडूएवढा केक केला असता तर तो अख्खा भाजला गेला असता. तिनं केला दुप्पट रुंदीचा, आणि आच ठेवली नेहमीच्या केकची.

असं अंतर कमी करायच्या युक्त्या सगळीकडे सापडतात. राजस्थानात बाटीला मधोमध अंगठ्यानं खळगा पाडतात. खानदेशात बट्टी वाफवून मग कापतात. आपल्याकडे पुऱ्या तेल लावून रचल्या, की पदर सुटे होतात आणि आतली वाफ त्यांच्यामधून फिरते. तिकडे केकवाले मोठ्या भांड्याच्या मध्यभागी धातूचा खिळा उभा करतात, तो आतपर्यंत उष्णता नेतो. या लोकांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. पण गोळ्यानं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला आणि उत्तरंही जवळजवळ एकच आली.

मात्र एक सावधगिरी. व्याख्यान इथं आलं की टाळ्या मिळवायला सोपं असतं, की बघा, सगळं आपल्याकडे होतंच! तसं मी म्हणणार नाही. रोडगा आणि केक यांच्यात एक मूलभूत फरक आहे. रोडगा घट्ट असतो, तो स्वतःचा आकार स्वतः धरतो, त्याला भांडं लागत नाही. केकचं पीठ पातळ असतं. त्यात हवा भरायची, ती हवा उष्णतेनं फुगायची आणि फुगलेली असतानाच पीठ घट्ट व्हायचं. पूर्वी ती हवा अंडी फेटून किंवा यीस्टनं भरत. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्यानं बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या बायकोला अंडी आणि यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. तेव्हापासून हलका केक घराघरांत शक्य झाला. ही वेगळी विद्या आहे, आणि ती बाहेरून आली हे म्हणायला लाज वाटायचं कारण नाही.

या दोघांच्या मध्ये बसतं आपलं आप्पेपात्र. पीठ पातळ, म्हणून भांडं हवं. पण भांड्याला फक्त खालच्या अर्ध्या वाट्या. वरचा अर्धा कोण करतं? करणारी बाई. खालची बाजू झाली की सळईनं आप्पे उलटते, आणि गोळा पुरा होतो. डेन्मार्कमध्ये एबलस्किव्हर नावाचे गोळे अशाच खळग्यांच्या तव्यात करतात आणि सुईनं फिरवतात. जपानमध्ये ओसाकाचा ताकोयाकी तसाच. म्हणजे तीन वाटा झाल्या. रोडग्याला भांडंच नाही. आप्प्याला अर्धं भांडं आणि हाताचं कसब. चेंडूच्या केकला दोन अर्धी भांडी आणि शेवटी जोडणी. जसं भांडं वाढत गेलं तसा हात मोकळा होत गेला.

आता इतिहासाकडे वळू. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, तुमच्या नांदुऱ्यावरून. कापसासाठी आलेल्या त्या गाडीनं बाजारपेठा वाढवल्या. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, पण आपल्या गावांत तो पोचला बेकरीतून. दिवाळीला तूप, साखर, पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणायची, हे इथल्या पन्नाशीपुढच्या लोकांना आठवत असेल. त्या विटांच्या भट्टीचं तत्त्व काय? आधी लाकूड जाळून विटा तापवायच्या, मग साठलेल्या, हळूहळू उतरत जाणाऱ्या उष्णतेवर भाजायचं. रोडग्याची रासही तशीच चालते. विटांच्या जागी राख.

मग घरात केक आला. ओव्हन नव्हतं. पातेल्यात वाळू तापवायची, त्यात डबा ठेवायचा, झाकणावर निखारे. पुढं कुकर आला, तेव्हा शिट्टी आणि रिंग काढून त्यातच वाळू. म्हणजे केक परका होता, पण त्याला भाजायची रीत आपल्या बायकांनी ओळखीचीच काढली. गोव्यात बेबिंकाचा प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजतात, त्याच कुळातली.

२०२०च्या टाळेबंदीनंतर तर गावोगावी मुली घरून केक करायला लागल्या. सिलिकॉनचे अर्धगोल साचे आले, हातोडीनं फोडायचा पिनाटा केक आला. आणि दुसरीकडे आप्पेपात्रात लोक छोट्या बट्ट्या भाजायला लागले. रोडगा शेवटी भांड्यात शिरला!

हे वाईट झालं का? माझं उत्तर सरळ आहे. गोवरीच्या धुरानं आपल्या आयांचे डोळे आणि छाती किती खराब झाली हे आपण पाहिलं आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरोघर सिलिंडर पोचले, चांगलं झालं. रोज चुलीपुढं बसायला कोणाला सांगायचा अधिकार मला नाही, आणि पुरुषांनी तर ते सांगूच नये. (टाळ्या)

पण एक गोष्ट हातातून जाते आहे, तिच्यासाठी मी आज उभा आहे. रोडगा हरवणार नाही. या महामार्गावरच्या ढाब्यांवर तो मिळेल. हरवते आहे ती आच ओळखायची विद्या. केकच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, १६० अंश, अमुक मिनिटं. रोडग्याचं कुठं लिहिलं आहे? पन्नास माणसांना गोवऱ्या किती? आर किती बोटं जाड? राखेत पुरायची वेळ कशी ओळखायची? हे लिहिलेलं नाही, कारण बघून शिकता येत होतं. आता बघायला मिळत नाही.

आणखी एक. पाहुणे वाढले तर केकवाला केक मोठा करतो. चेंडूचा केक फार मोठा करता येत नाही. मग ते चपटे थर रचून, सुरीनं कोरून गोल करतात. रोडगेवाला गोळा कधीच मोठा करत नाही. तो गोळे वाढवतो आणि आराची रास लांबवतो. वीस माणसं असोत की दोनशे, प्रत्येक गोळा मुठीएवढाच आणि आतून शिजलेला. एका मोठ्या केकचा तुकडा वाट्याला येतो, रोडगा मात्र ज्याला त्याला अख्खा मिळतो. मला वाटतं, पंगतीच्या जेवणाला हा आकार आला तो यातूनही.

भाचीनं पुढं काय केलं सांगतो. तिनं आच १८० वरून १६० केली, वेळ वाढवला, भांडं दोन-तृतीयांशच भरलं, आणि मध्ये काडी घालून बघितल्याशिवाय बाहेर काढलं नाही. अर्धे पूर्ण गार झाल्यावर वरचा फुगवटा कापून सपाट केले, मग जोडले. खालून एक चकती कापली, म्हणजे चेंडू ताटात गडगडत नाही. पुढच्या वाढदिवसाला केक आतून नीट झाला. आजेसासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "आता शिजला. पन तूप नाही."

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, गॅस-तंदूरमध्ये तशी चव का येत नाही?)

चांगला प्रश्न. गॅस-तंदूरमध्ये उष्णता मुख्यतः खालून येते आणि सारखी चालू राहते. राखेत ती चारी बाजूंनी येते आणि हळूहळू उतरते. शिवाय राख वाफ कोंडून धरते. म्हणून तंदूरमध्ये आच बारीक ठेवा, गोळे लहान करा, फिरवत राहा, आणि शेवटी गॅस बंद करून झाकण दहा मिनिटं उघडू नका. अगदी तशी चव नाही येणार, पण कच्चा राहणार नाही.

(समोरचे आजोबा : अन् धूर जाऊ द्याचा आधी. धुरात टाकला की कडू होते.)

बघा, भावमिश्रांचा 'बिनधुराचा' शब्द आजोबांनी ग्रंथ न वाचता सांगितला. म्हणून शेवटची विनंती तरुण मुलामुलींना. पुढच्या वेळी बांधावर रोडगे लागतील तेव्हा फोटो काढाच, पण सोबत वही, घड्याळ आणि मोजपट्टी न्या. गोवऱ्या मोजा, गोळा मोजा, वेळ लिहा, आणि आर बघणाऱ्या माणसाला विचारा, "आता का पुरले? आधी का नाही?" तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. केक शिकणाऱ्या मुलींनीही तेच करा. तुमच्या घरात गोळा भाजणारं माणूस अजून असेल, तर त्याच्याजवळ बसा.

बाबाजी, अर्धं भाषण केकवर, अर्धं रोडग्यावर, शब्द पाळला.